पावणेचार इंचांचे शूरवीर



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी एक शेतकरी गृहस्थ मला भेटायला महाविद्यालयात आले. त्यांचा मुलगा आमच्याकडे इतिहास घेऊन दुसऱ्या वर्षाला शिकतो. गृहस्थ खुर्चीच्या कडेवर बसले, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "सर, पोरगं हुशार आहे, आमची तक्रार नाही. पण वीस वर्षांचा घोडा झाला तरी बाहुल्या घेऊन रानात जातंय. नांगरटीत पालथं पडून त्यांचे फोटो काढतंय. गावातली माणसं हसतात आम्हाला. तुमचं ऐकतंय ते. दोन शब्द सांगा."

मी "सांगतो" म्हणालो. वडीलमाणसाने एवढ्या लांबून यावे आणि आपण नाही म्हणावे, हे बरे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावले. तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. आत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सात माणसे होती. माणसे म्हणजे प्लॅस्टिकची. कुणाच्या डोक्यावर अंतराळवीराचे शिरस्त्राण, कुणी नखशिखांत यंत्रमानव, एकाचा एक हातच नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याच्या आतेभावाने ती अधूनमधून आणून दिलेली. मग त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवले. तांबडे, ओसाड मैदान, क्षितिजावर धूळ उडते आहे, आणि त्या धुळीतून एक एकटा अंतराळवीर आपल्याकडे चालत येतो आहे. मी विचारले, "हे कुठले रे?" तो म्हणाला, "सर, आमच्या विहिरीच्या मागचं मुरमाचं रान."

खरे सांगतो, रागावण्यासाठी जे दोन शब्द जुळवून ठेवले होते, ते तिथेच राहिले. मी इतिहासाचा माणूस. एखादी वस्तू पुढे आली की ती कुठून आली, कुणी केली, कशासाठी केली, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही. त्या सात माणसांची कुळकथा शोधता शोधता मला जे सापडले, ते आज तुम्हाला सांगतो. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

इंग्रजीत अशा खेळण्याला 'ॲक्शन फिगर' म्हणतात. हे नाव कसे पडले याची गंमत पहा. अमेरिकेत १९५९ साली बार्बी नावाची बाहुली बाजारात आली आणि भराभर खपू लागली. एक बाहुली घ्यायची आणि मग तिचे कपडे, तिची पादत्राणे, तिचे सामान घेत राहायचे, असा तो व्यापार. मुलींना जे विकता येते ते मुलांना का विकता येऊ नये, असा विचार हॅस्ब्रो या कंपनीत सुरू झाला. परंतु अडचण मोठी होती. मुलाच्या हातात 'डॉल' द्यायला कोणता बाप तयार होईल? तेव्हा कंपनीने ठरवले की, हा शब्दच उच्चारायचा नाही. १९६४ साली त्यांनी बाराएक इंचांचा एक सैनिक बाजारात आणला, त्याचे नाव जी. आय. जो ठेवले, आणि त्याला बाहुली न म्हणता 'ॲक्शन फिगर' म्हणायचे असा दंडक घातला. आपल्या मराठीत ही पंचाईत झालीच नसती. आपल्याकडे बाहुलीच्या जोडीला बाहुला पहिल्यापासून आहे, भातुकलीत त्यांची लग्नेही लागतात. इंग्रजीला मात्र नवा शब्द घडवावा लागला, आणि तो आज जगभर चालतो.

या सैनिकाची घडणही ध्यानात घेण्याजोगी आहे. चित्रकार मंडळी मानवी शरीराची ठेवण अभ्यासण्यासाठी सांध्यांचा एक लाकडी पुतळा वापरतात. डॉन लेव्हिन या हॅस्ब्रोच्या अधिकाऱ्याला म्हणे दुकानाच्या काचेआड असा पुतळा दिसला आणि त्यावरून सांधे हलणारा सैनिक करण्याची कल्पना पक्की झाली. पण माणसाच्या शरीरावर मालकी हक्क कोण सांगणार? दुसऱ्या कुणी नक्कल केली तर ती ओळखायची कशी? म्हणून त्याच्या गालावर एक व्रण ठेवला. शिवाय उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख चुकून आतल्या बाजूला कोरले गेले होते. ती चूक तशीच ठेवली, म्हणजे नक्कल करणारा ती चूकही उचलील आणि पकडला जाईल! जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली, हे आम्हीही लेखनिकाच्या चुकांवरूनच ठरवतो.

पुढे व्हिएतनामचे युद्ध लांबत गेले. रोज दूरदर्शन संचावर खरी प्रेते दिसू लागली, तेव्हा अमेरिकेतल्या आईबापांना मुलांच्या हाती सैनिक नकोसा झाला. १९७० साली कंपनीने त्याला युद्धातून काढून साहसी मोहिमांवर धाडले. १९७३ साली तेलाची टंचाई झाली. प्लॅस्टिक तेलापासूनच होते, ते महागले. बाराइंची सैनिक परवडेना, आणि ते दशक संपायच्या आधी तो दुकानांतून गेला. युद्ध आणि तेल, विसाव्या शतकाची ही दोन मोठी प्रकरणे एका खेळण्याच्या उंचीत अशी मोजता येतात.

आता आपण मूळ विषयाकडे, म्हणजे विज्ञानकथेकडे येऊ. विज्ञानकथा मराठी वाचकाला परकी नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी ती आपल्या घराघरांत नेली. अमेरिकेत तिने चित्रपटाचे रूप घेतले, आणि त्यातला सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे जॉर्ज लुकस यांचा 'स्टार वॉर्स'. तो २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. हा चित्रपट चालेल असे फारसे कुणाला वाटत नव्हते. मेगो नावाची खेळण्यांची मोठी कंपनी होती, तिने त्याची खेळणी करायला नकार दिला. ओहायो प्रांतातल्या सिनसिनाटी शहरात केनर ही कंपनी होती. तिथल्या जिम स्वेअरिंजन या तरुण आरेखकाने चित्रपटाची संहिता वाचली आणि तो तिच्या प्रेमातच पडला. कंपनीचे प्रमुख बर्नार्ड लूमिस यांनी करार केला.

पण बाहुला केवढा करायचा? बारा इंचांचा केला, तर त्याला बसायला अंतराळयान पाच फुटांचे करावे लागेल. ते ठेवायचे कुठे आणि घ्यायचे कुणी? अशी हकिकत सांगतात की, लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून धरली आणि विचारले, एवढा केला तर? मोजपट्टी लावली तेव्हा ते अंतर पावणेचार इंच भरले. हकिकत अगदी अशीच घडली की नंतर घासूनपुसून चांगली झाली, कोण जाणे. परंतु पावणेचार इंच हे माप मात्र ठरले, आणि पुढली कित्येक वर्षे जगभरच्या कारखान्यांनी ते पाळले. मापाचे कारण बाहुल्यात नव्हते, ते त्याच्या वाहनात होते.

चित्रपट मे महिन्यात आला आणि तुफान चालला. बाहुले मात्र नाताळापर्यंत तयार होणे शक्य नव्हते. नाताळ म्हणजे तिकडची दिवाळी, खेळण्यांचा सगळा धंदा त्या एका महिन्यात. तेव्हा केनर कंपनीने जी युक्ती केली, ती व्यापाराच्या इतिहासात नोंदण्यासारखी आहे. तिने रिकामे खोके विकले. खोक्यात एक प्रमाणपत्र, ते टपालाने पाठवा, पुढच्या वर्षी आम्ही तुम्हाला चार बाहुले पाठवू, असे वचन. लूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू हे ते चार. नाताळाच्या सकाळी कित्येक मुलांनी कागद फाडून खोके उघडले असेल आणि आत कागदच निघाला असेल. त्यांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना तुम्हीच करा. पण १९७८ साली बाहुले खरोखर आले. त्या वर्षी एकंदर बारा बाहुले निघाले. त्या बारांत स्त्री एकच, लेया. हा तपशील मी आमच्या विद्यार्थिनींना मुद्दाम सांगतो. पुढे २०१५ साली याच मालिकेच्या नव्या चित्रपटाची नायिका रे ही मुलगी असूनही काही खेळण्यांच्या संचांतून नेमकी तीच गळली होती. तेव्हा मुलींनी आणि त्यांच्या आईबापांनी आवाज उठवला आणि कंपनीला दुरुस्ती करावी लागली. सदतीस वर्षे गेली, तरी भांडण तेच.

१९७८ ते १९८५ या काळात हे बाहुले २५ कोटींहून अधिक खपले. मग तुम्ही विचाराल, एवढे खपले तर त्यांचे संग्राहक हिंडहिंडून काय शोधतात? याचे उत्तर सोपे आहे. खेळणी ही खेळण्यासाठीच होती. मुलांनी पुठ्ठा फाडून टाकला, बाहुल्यांना मातीत पुरले, कुत्र्यांनी त्यांचे हात चावले, इवल्या बंदुका केरात गेल्या. मुले मोठी झाली आणि घर आवरताना आयांनी उरलेसुरले काढून टाकले. जे सर्वांत जास्त असते ते सर्वांत कमी उरते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला पदोपदी दिसते. राजाची तलवार जपून ठेवलेली सापडते, पण कुणब्याचे खुरपे सापडत नाही.

आपल्याकडे हे ओळखणारा माणूस पुण्यात होऊन गेला. डॉ. दिनकर केळकर यांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, कुलपे, फण्या अशा घरगुती वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने राजा केळकर संग्रहालय उभे केले आणि ते शासनाच्या स्वाधीन केले. अडकित्ते जमवणाऱ्या माणसालाही त्या काळी लोक हसलेच असतील.

अमेरिकेत स्टीव्ह सॅन्सवीट नावाचे गृहस्थ आहेत. मूळचे वृत्तपत्राचे बातमीदार, वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये काम केलेले. त्यांनी 'स्टार वॉर्स'च्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि त्या लाखांत गेल्या. कॅलिफोर्नियात पेटालुमा येथे जुन्या कुक्कुटपालनाच्या जागेत त्यांनी संग्रहालय केले आहे. कोंबड्या होत्या तिथे आता अंतराळवीर आहेत. २०१३ साली गिनेसच्या नोंदवहीत या संग्रहाची जगातला सर्वांत मोठा म्हणून नोंद झाली. पुढे विश्वासातल्याच एका परिचिताने तिथल्या शंभरावर वस्तू चोरल्याचे २०१७ साली त्यांना जाहीर करावे लागले. जिथे किंमत आली तिथे चोर आला.

आणि किंमत किती? बोबा फेट नावाचे एक पात्र आहे. त्याच्या पाठीवरून अग्निबाण उडेल असा बाहुला कंपनीने ठरवला होता. परंतु १९७८च्या अखेरीस दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातला असाच इवला बाण घशात अडकून एक लहान मुलगा दगावला. तेव्हा केनरने बाण उडवण्याची सोय बंद केली आणि बाण पाठीला चिकटवून टाकला. मूळ नमुने तेवढे कारखान्यातल्या लोकांकडे राहिले. त्यांपैकी एक २०२४ साली लिलावात ५,२५,००० डॉलरना गेला, म्हणजे चार कोटी रुपयांच्या वर. हा आकडा मी त्या गृहस्थांना सांगितला नाही. सांगितला असता तर त्यांचा मुलावरचा राग गेला असता, पण चुकीच्या कारणाने गेला असता.

कारण या छंदात दोन पंथ आहेत, आणि माझा कल कुणीकडे आहे ते सांगून टाकतो. पहिला पंथ खोके न उघडणाऱ्यांचा. बाहुला पुठ्ठ्यावर, वर पारदर्शक फुगा, तो फुगाही पिवळा पडता कामा नये. तज्ज्ञ मंडळी भिंगातून पाहून त्याला गुण देतात आणि तो जाड प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद होतो. त्यात खोटेपणाही शिरला आहे. १९७८ साली जावा नावाच्या छोट्या पात्राला आधी प्लॅस्टिकचा अंगरखा होता, तो स्वस्त दिसतो म्हणून लवकरच कापडाचा केला. प्लॅस्टिकचा अंगरखा त्यामुळे दुर्मिळ झाला. लगेच दुसऱ्या बाहुल्याचा अंगरखा कापून जावाच्या अंगावर चढवणारे बहाद्दर निघाले. न उघडलेले खोके हा पुरावा आहे आणि त्याचे मोल मी जाणतो. दुकानात वस्तू कशी टांगलेली होती, तिच्यावर काय लिहिले होते, किंमत काय होती, हे खोकेच सांगते. तरीपण चाळीस वर्षे कुणाच्या हातात न गेलेले खेळणे पाहिले की मला जरा चुकल्यासारखे होते.

दुसरा पंथ खोके उघडणाऱ्यांचा, आणि त्यातला हा फोटो काढणारा पोटपंथ. याची सुरुवात विज्ञानकथेच्या बाहुल्यांनी झाली नाही. डेव्हिड लेव्हिन्थाल हा अमेरिकेतल्या येल विद्यापीठात छायाचित्रण शिकत होता. त्याने प्लॅस्टिकच्या सैनिकांचे फोटो काढायला सुरुवात केली. गॅरी ट्रूडो या व्यंगचित्रकार मित्राबरोबर १९७७ साली, म्हणजे 'स्टार वॉर्स'च्याच वर्षी, त्याने हिटलरच्या रशियावरील स्वारीचे पुस्तक काढले. त्यातली चित्रे धूसर, घाईत टिपल्यासारखी. क्षणभर वाटते की, हा बातमीदार खरोखर रणांगणावर होता. मग ध्यानात येते की सगळी खेळणी आहेत, आणि एक प्रश्न मनात उभा राहतो: वृत्तपत्रातली खरी छायाचित्रे तरी आपण कशाच्या भरवशावर खरी मानतो? इतिहास शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

मार्क होगनकॅम्प यांची गोष्ट यापेक्षा जड आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टन गावी एप्रिल २००० मध्ये पाच जणांनी त्यांना मरणप्राय मारहाण केली. नऊ दिवस ते बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा मागचे आयुष्य पुष्कळसे पुसले गेले होते. चालणे, खाणे, लिहिणे पुन्हा शिकावे लागले. उपचारांचा पैसा संपला. तेव्हा त्यांनी घराच्या अंगणात दुसऱ्या महायुद्धातले एक छोटे गाव उभारले, त्यात बाराइंची बाहुले वसवले, आणि रोज त्यांची एकेक घटना रचून फोटो काढू लागले. हात थरथरत, म्हणून बारीक काम हाच व्यायाम. बाहुल्यांच्या जीपगाडीची चाके झिजलेली दिसावीत म्हणून ते ती दोरीने ओढत रस्त्याने चालत असत. त्यांच्यावर २०१० साली माहितीपट निघाला आणि जगाला त्यांची ओळख झाली. हे गाव विज्ञानकथेतले नाही, पण खेळण्याच्या छायाचित्राने माणसाला काय मिळू शकते, हे यापेक्षा स्पष्ट मला कुठे दिसले नाही.

विज्ञानकथेच्या बाहुल्यांकडे यायचे तर फिनलंडचे वेसा लेह्तिमाकी यांचे नाव घेतले पाहिजे. आपल्या मुलाची लेगोची खेळणी घेऊन २००९च्या सुमारास त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. त्यांच्याकडे बर्फाला तोटा नाही, म्हणून 'स्टार वॉर्स'मधल्या हिमग्रहाचे प्रसंग त्यांनी असे उभे केले की थंडी वाजावी. मलेशियाचे झाहिर बातीन यांनी अगदी घरगुती साहित्यावर याच पात्रांची चित्रे रचली. मॅथ्यू कॅलहॅन हा अमेरिकेच्या मरीन दलातला छायाचित्रकार. त्याने याच मालिकेतल्या सैनिकांचे बाहुले घेतले आणि त्यांचे फोटो खऱ्या युद्धवार्ताहराच्या नजरेने काढले: दमलेला सैनिक, जखमी सोबत्याला ओढणारा सैनिक, काहीच न घडणारी कंटाळवाणी दुपार. चित्रपटात हे सैनिक शेकड्यांनी मरतात आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. त्याच्या चित्रांत वाटते.

आता हे करतात कसे? शिक्षकांनी इकडे लक्ष द्यावे, कारण यात विज्ञानाचा एक चांगला धडा आहे. कॅमेरा लहान वस्तूच्या फार जवळ नेला की तेवढी वस्तू स्पष्ट येते आणि पुढचे-मागचे धूसर होते. हे धूसर पाहिले की डोळा लगेच ओळखतो, वस्तू लहान आहे. म्हणून भिंगाचे छिद्र बारीक करायचे, म्हणजे स्पष्टतेचा पट्टा लांबतो. प्रकाश कमी पडतो, तेव्हा जास्त वेळ उघडे ठेवायचे आणि कॅमेरा हलू द्यायचा नाही. मोबाइलमधला प्रकाश टिपणारा तुकडा नखापेक्षाही लहान असतो. त्यामुळे तिथे हा पट्टा आपोआप लांब मिळतो, म्हणूनच खेड्यातल्या मुलालाही हे जमते. दुसरे म्हणजे कॅमेरा बाहुल्याच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा. आपण उभे राहून खाली पाहिले की बाहुला दिसतो, पालथे पडून पाहिले की माणूस दिसतो. पोरगं नांगरटीत पालथं का पडतंय, त्याचे कारण हे.

सगळ्याच गोष्टी मात्र लहान करता येत नाहीत. माती चाळणीने चाळून बारीक करता येते, पण पाण्याचा थेंब बारीक होत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. त्यामुळे थेंब आपल्याच मापाचा राहतो, आणि बाहुल्याच्या खांद्यावर पडला की फुटबॉलएवढा दिसतो. ज्वालेचेही तसेच. चित्रपटवाल्यांनाही हीच अडचण होती. 'स्टार वॉर्स'मधली प्रचंड अंतराळयाने म्हणजे टेबलावर मावतील असे नमुने होते, आणि त्यांच्या अंगावरचे बारकावे करायला दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या नि विमानांच्या खेळण्यांचे सुटे भाग चिकटवले होते. म्हणजे खेळण्यातून चित्रपट झाला, चित्रपटातून खेळणे झाले आणि खेळण्यातून पुन्हा चित्र झाले.

बरे, या सगळ्याचा आपल्या मुलखाशी काही संबंध? आहे, आणि तो माझ्याही घरात आहे. १९८२ साली जी. आय. जो पुन्हा आला, तो 'स्टार वॉर्स'च्या मापाने, पावणेचार इंचांचा, आणि त्याची शस्त्रे नि वाहने आता विज्ञानकथेतली. त्याचे पोलादी साचे फार महाग. म्हणून अमेरिकेत एखादा बाहुला बंद झाला की त्याचे साचे दुसऱ्या देशांत धाडत. ब्राझीलच्या इस्ट्रेला कंपनीने तिकडे बाहुले काढले, अर्जेंटिनाच्या प्लास्तिरामाने काढले. भारतात १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल ही कंपनी स्थापली. तिचा कारखाना गोव्यात. त्या कारखान्यातून निघालेले जी. आय. जो मूळ रंगांचे नसत. हिरव्या जागी पिवळा, करड्या जागी निळा, हाताशी असेल तो रंग. बाहेरचे संग्राहक पूर्वी त्यांना नाके मुरडत. आता त्याच वेगळेपणासाठी ते शोधतात, आणि कोणता साचा कोणत्या देशातून कोणत्या देशात गेला, याची वंशावळ त्या रंगांवरून मांडतात.

माझ्या मामांनी १९९०च्या सुमारास मुंबईहून येताना मला यातला एक आणला होता. आमच्या वाडीत तसे दुसरे खेळणे नव्हते. दिवाळीच्या किल्ल्यावर तो मावळ्यांच्या शेजारी पहाऱ्याला उभा असे. मातीचे मावळे त्याच्यापेक्षा उंच, पण तो गुडघ्यात वाकू शकत असे, म्हणून त्याचा मान मोठा. या बाहुल्याच्या कमरेत एक रबरी कडे असते, त्यावर धड आणि पाय जोडलेले. तीन-चार वर्षांत ते कडे कुजले आणि एके दिवशी माझ्या हातातच त्याचे दोन तुकडे झाले. वडील म्हणाले, टाकून दे. मी रडलो, आणि आईने ते तुकडे सुपारीच्या डबीत घालून ठेवले. मी पुढे शिक्षणाला बाहेर पडलो आणि सगळे विसरलो. आई गेल्यावर ट्रंक आवरताना ती डबी निघाली. आत दोन्ही तुकडे होते, कड्याचा काळा भुगा झालेला.

ती डबी मी त्या विद्यार्थ्याला दाखवली. त्याने तुकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "सर, नळदुरुस्तीच्या दुकानात या मापाचा वायसर मिळतो." दोन रुपयांच्या वायसरने तीस वर्षांचा पांगळा उभा राहिला. पाठीवरचा स्क्रू तेवढा गंजला होता, तो काढताना मुलाने श्वास रोखला होता, मीही.

त्या रविवारी मी त्यांच्या शेतावर गेलो. वडील गोठ्याशी होते. मला पाहून त्यांना वाटले, सर पोराला सांगायला आले. मी मात्र मुलाच्या शेजारी सतरंजी टाकून मुरमात पालथा पडलो. चाळिशी केव्हाच उलटलेली, विजारीचे गुडघे तांबडे झाले. मुलाला सकाळच्या धुक्याचा प्रसंग हवा होता आणि फवारायच्या बाटलीतून थेंब मोठे पडत होते. दोन-तीनदा बाहुला भिजून चिंब झाला, चित्र काही साधेना. वडील काही वेळ लांबून पाहत राहिले. मग गोठ्यात गेले आणि पाठीवरचा फवारणीचा पंप घेऊन आले. "नवा आहे," ते म्हणाले, "अजून औषध घातलेलं नाही यात. बारीक नोझल लावू का?" मुलाने मान हलवली. वडिलांनी वाऱ्याची दिशा पाहिली, चार पावले मागे सरकले आणि दांडा मारला.